भाडेकरू मुदत संपूनही घर सोडत नाही? किल्ली देण्याआधीपासून ताबा परत मिळेपर्यंतची पावलं

माझे पुण्यात दोन वन बीएचके आहेत, एक धायरीत आणि एक चिखलीत. दोन्ही भाड्याने. गेल्या काही वर्षांत दोनदा भाडेकरूने घर सोडायला नकार दिला. पहिल्या वेळी मी जवळपास सगळ्याच चुका केल्या. दुसऱ्या वेळी फाईल तयार होती, त्यामुळे समन्स पोचल्यावर तीन आठवड्यांत घर रिकामं झालं. भाडेकरू दोघेही सारखेच गोडबोले होते. फरक कागदांचा होता, आणि ते कागद किल्ली देण्याआधीच करायचे असतात.

ओळखीपाळखीतून आठवड्याला एखादा फोन येतोच: "अकरा महिने झाले, जात नाहीये, काय करू?" पहिला प्रश्न मी विचारतो, "ॲग्रीमेंट रजिस्टर आहे का?" पलीकडे थोडी शांतता, मग उत्तर येतं, "नोटरी केलंय ना." म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय.

## आधी ठरवा: तुमचं प्रकरण कोणत्या खात्यात बसतं?

हा लेख महाराष्ट्रातल्या राहत्या घरांसाठी आहे, आणि तेही लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू हक्क न देता ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्यावर दिलेल्या. त्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम २४ आहे. मुदत संपल्यावर नेहमीच्या दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ती वाट बरीच जवळची आहे.

दुकान किंवा ऑफिस दिलं असेल तर ही वाट नाही. तिथे लघुवाद न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो. वाड्यातला जुना, पागडीचा किंवा आजोबांच्या काळापासूनचा भाडेकरू असेल तर त्याला कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. तिथे घर खाली करून मागायला ठरावीक कारणं लागतात आणि दावा वर्षानुवर्षं चालतो. "भाडेकरूसकट स्वस्तात मिळतोय" म्हणून असा फ्लॅट किंवा खोली घेणाऱ्यांनी तो स्वस्त का आहे हे आधी वकिलाकडून समजून घ्यावं.

## टप्पा १: विकत घेण्याआधीचं गणित

एजंट सांगतो, "साठ लाखाचा फ्लॅट, सोळा हजार भाडं, सव्वातीन टक्के कुठे गेले नाहीत." ते कुठे जातात ते बघा.

साठ लाखांवर पुण्यात पुरुषाच्या नावाने ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख २० हजार. वर नोंदणी फी ३० हजार. म्हणजे घरात अडकले साडेचौसष्ट लाख. आता आवक. वर्षातला एक महिना घर रिकामं जातं असं धरा (मी तरी धरतो), तर हातात येतात १,७६,००० रुपये. त्यातून सोसायटीचे वर्षाचे ३० हजार, मिळकतकराचे ९ हजार, एजंटचे एका महिन्याच्या भाड्याइतके १६ हजार, आणि तीन वर्षांतून एकदा रंग काढायचा त्याचे वर्षाला ७ हजार वजा करा. उरले १,१४,०००. साडेचौसष्ट लाखांवर हे पावणेदोन टक्के होतात. कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

आता या १,१४,००० मध्ये एक वाईट भाडेकरू टाका. त्याने सहा महिने भाडं दिलं नाही की ९६ हजार गेले. उरलेल्या अठरा हजारांत वकील येतो की नाही हे ज्याचं त्यानं बघावं. एक-दोन फ्लॅटवाल्या घरमालकाला हा धोका पसरवायला जागाच नसते. म्हणून घर खाली करून घेण्याची तयारी हा गुंतवणुकीचाच भाग समजा.

पुणे महापालिका हद्दीत स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. घर भाड्याने दिलं की ती जाते. हिशेब मांडताना शेजाऱ्याचं बिल बघून आकडा धरू नका, त्याला सवलत असेल.

तपासा: भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सोसायटीची आधीच्या मालकाकडे थकबाकी आहे का, आणि सहा महिने भाडं न येता हप्ता व मेंटेनन्स भरता येईल एवढी रक्कम बाजूला आहे का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर थांबा.

## टप्पा २: भाडेकरू पारखणं

इथे मी फार लिहीत नाही, कारण लोक इथे कमी चुकतात. आधार, पॅन, नोकरीचं पत्र, तीन महिन्यांची पगार स्लिप घ्या. एक गोष्ट मात्र कुणी करत नाही: आधीच्या घरमालकाला फोन. आताच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. आताच्या घरमालकाला तो माणूस जायला हवा असेल तर तो कौतुकच करणार.

आणि एजंटने "चांगली फॅमिली आहे" म्हटलं म्हणून कागद सोडू नका. माझा पहिला भाडेकरू चांगलीच फॅमिली होती.

## टप्पा ३: ॲग्रीमेंटचा मसुदा

एजंटकडे तयार साचा असतो, त्यात नावं बदलून तो प्रिंट काढतो. तो साचा ओळीनं ओळ वाचा. हे मुद्दे माझ्या अनुभवात निर्णायक ठरले:

मुदतीच्या दोन्ही तारखा. "११ महिन्यांकरिता" एवढंच नको. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा. काही साच्यांमध्ये "उभयपक्षी संमतीने मुदत आपोआप वाढेल" असं वाक्य असतं. ते काढून टाका. तुमचा सगळा हक्क मुदत संपण्यावर उभा आहे, आणि हे वाक्य ती मुदतच धूसर करतं.

मुदत मे महिन्यात संपू द्या. फेब्रुवारीत मुदत संपली की "मुलाची दहावी आहे हो, परीक्षा होईपर्यंत तरी" असं ऐकावं लागतं, आणि त्यावर नाही म्हणणं आपल्यालाही जड जातं. अकरा महिन्यांच्या हिशेबात शेवटची तारीख दर वर्षी एक महिना अलीकडे सरकते. यंदा एप्रिलअखेर, पुढच्या वर्षी मार्चअखेर, त्यापुढे फेब्रुवारी. म्हणून मी आता १२ किंवा २४ महिन्यांचं करतो, ३१ मेला संपणारं. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं आणि मुद्रांक शुल्काचा दर तोच राहतो. "अकराच महिन्यांचं करायचं असतं" हा नियम नाही, सवय आहे.

सगळ्या मालकांच्या सह्या. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर आणि ॲग्रीमेंटवर एकट्या नवऱ्याची सही, हे सर्रास दिसतं. पुढे हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं. वडील वारले आणि सोसायटीत नाव बदललं नाही, तर आधी ते काम उरका.

शब्द. मसुद्यात लायसन्सर (मालक), लायसन्सी (राहणारा) आणि लायसन्स फी (भाडं) हेच शब्द हवेत. 'भाडेपट्टा' किंवा 'भाडेकरू हक्क' असे शब्द घुसलेले असतील तर काढा. बोलताना आपण सगळे भाडेकरूच म्हणतो, मीही या लेखात म्हणतोय, कागदावर नको. कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील आणि पूर्वसूचना देऊन घर बघता येईल, असंही कलम असू द्या.

लॉक-इन. सहा महिने दोघांनीही सोडायचं नाही, असं लिहिता आणि मग दुसऱ्याच महिन्यापासून भाडं थांबतं. तुम्हीच बांधले गेलात. "सलग दोन महिन्यांची फी थकल्यास लॉक-इन लागू राहणार नाही व मालक एक महिन्याची नोटीस देऊन परवाना रद्द करू शकेल," हे वाक्य हवंच.

नोटिशीचा पत्ता. भाडेकरूचा गावाकडचा कायमचा पत्ता, ईमेल आणि व्हॉट्सॲप क्रमांक लिहा, आणि या तिन्हीवर पाठवलेली नोटीस पोचली असं मानलं जाईल, अशी ओळ घाला.

मुदतीनंतरची भरपाई. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हे कायद्यातच आहे. तरी लिहा. सही करताना ती ओळ डोळ्यांखालून जाणं उपयोगी पडतं.

डिपॉझिट मी तीन महिन्यांच्या भाड्याइतकं घेतो. "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा" ही विनंती मान्य करायची नाही. ते वळतं केलं की रंग, मोडतोड आणि लाइट बिल यांसाठी हातात काहीच उरत नाही.

तुम्ही परदेशात असाल आणि घर इथे असेल तर कुलमुखत्यारपत्र रीतसर करून घ्या. नुसतं स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. शिवाय अनिवासी मालकाला भाडं देताना रक्कम कितीही असो, भाडेकरूने उगमस्थानी करकपात (टीडीएस) करायची असते. बहुतेकांना ते माहीत नसतं, त्यामुळे ॲग्रीमेंटमध्येच लिहा.

## टप्पा ४: नोंदणी

सगळ्यात मोठी गैरसमजूत इथे आहे. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करावं लागत नाही, असं अजूनही सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं आणि ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं.

उलट बाजूही बघा. लेखी परवाना करारात जे लिहिलंय तो कलम २४ खाली निर्णायक पुरावा मानला जातो. "तोंडी वेगळं ठरलं होतं" या बचावाला मग फारसा दम राहत नाही.

खर्च किती? एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. सोळा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने असतील तर शुल्क पाचशेच्या घरात. नोंदणी फी शहरात एक हजार. घरी अंगठ्याचं मशिन घेऊन येणाऱ्या माणसाचे पैसे वेगळे. एवढे वाचवायला लोक पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करतात. मीही केली होती.

क्रम असा ठेवा: मसुदा पक्का, मग ऑनलाइन भरणा, मग मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदारांचे फोटो व अंगठे, मग दुय्यम निबंधकाची तपासणी, मग नोंदणी झालेली प्रत हातात, आणि त्यानंतर किल्ली.

सावधान: अंगठे झाले म्हणजे नोंदणी झाली नाही. दस्त तपासणीला जातो आणि नाव किंवा पत्त्यात फरक असेल तर परत येतो. एजंट "झालं साहेब" म्हणतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. दस्त क्रमांक असलेली डिजिटल सही केलेली प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातल्या नोंदीचा उतारा) स्वतः उघडून बघा. दोन प्रती काढून फाईलला लावा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या; ती ऑनलाइन भरता येते, पोचपावती जपा. सोसायटीला आधी कळवा आणि प्रत द्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते शुल्क) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. जास्त मागत असतील तर लेखी विचारा, पण त्या भांडणात भाडेकरूला मध्ये घेऊ नका.

## टप्पा ५: किल्ली देण्याचा दिवस

हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे, घाई करू नका. मी मोबाईल हातात धरून दारापासून सुरुवात करतो. दाराचं कुलूप, लॅच, बेल. मग हॉलमधला पंखा चालू करून दाखवायचा. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडा, सिंकखालचा पाइप, ट्रॉली उघडबंद. बाथरूममध्ये गिझर लावून नळाला गरम पाणी येतंय हे दाखवायचं, फ्लश ओढायचा. शेवटी खाली मीटररूममध्ये जाऊन मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, आणि भाडेकरूला म्हणायचं, "तारीख सांगा." त्याच्या आवाजात तारीख आली पाहिजे. व्हिडिओ तिथल्या तिथे त्याला पाठवायचा. "मिळाला, बरोबर आहे" असं उत्तर आलं की किल्ल्या द्यायच्या, मोजून, पावतीवर सही घेऊन.

दुसऱ्या भाडेकरूने जाताना सांगितलं की गिझर पहिल्यापासून बंदच होता. मी काही बोललो नाही, फक्त व्हिडिओ लावला.

## टप्पा ६: मुदत चालू असताना

भाडं फक्त बँकेत. रोख नको, आणि त्याच्या मेव्हण्याच्या खात्यातून आलेलंही नको. महावितरणचं बिल आणि सोसायटीचं बिल भरलं का हे दर महिन्याला तुम्हीच बघा. भाडं थकण्याआधी ही बिलं थकायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा घाला: मुदत संपण्याआधी ६० दिवस आणि ३० दिवस.

## टप्पा ७: मुदत संपताना

माझी पहिली, सगळ्यात महागडी चूक इथली. अकरा महिने संपले. भाडेकरू चांगला, भाडं वेळेवर. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना आलाच नाही. चौदा महिने नुसतं यूपीआयवर भाडं येत राहिलं आणि मी ते घेत राहिलो. मग भाडं थांबलं. वकिलाकडे गेलो तर त्यांनी नोटरी केलेला कागद बाजूला सारला आणि विचारलं, "हे चौदा महिने तो कोणत्या नात्याने राहत होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी पूर्ण डिपॉझिट परत, थकलेलं भाडं माफ आणि टेम्पोचे पैसे मीच देऊन घर सोडवलं.

आता असं करतो:

१. ६० दिवस आधी विचारायचं: राहायचंय की जायचंय? उत्तर मेसेजवर घ्यायचं.

२. राहायचं असेल तर नवं ॲग्रीमेंट मुदत संपण्याआधी रजिस्टर. त्याला फक्त दिवाळीपर्यंत राहायचं असेल तर दिवाळीपर्यंतचं, पण रजिस्टरच.

३. जायचं असेल, किंवा आपल्याला नको असेल, तर ३० दिवस आधी पत्र: अमुक तारखेला मुदत संपते, नूतनीकरण करणार नाही, त्या दिवशी ताबा द्यावा. स्पीड पोस्टने पोचपावतीसह, आणि ईमेल व व्हॉट्सॲपवरही.

४. मुदतीनंतर खात्यात पैसे आलेच तर त्याच दिवशी लिहायचं: "ही रक्कम मुदतीनंतरच्या भरपाईपोटी, माझे हक्क राखून स्वीकारली आहे, परवान्याचं नूतनीकरण झालेलं नाही." गप्प बसायचं नाही.

तपासा: पोस्टाचं पाकीट "नाकारले" किंवा "दार बंद" असा शेरा मारून परत आलं तर ते उघडू नका. बंद पाकीट तसंच फाईलमध्ये ठेवा. उत्साहाने फोडून आतलं पत्र वाचणारे लोक मी पाहिलेत. ते पत्र तुम्हीच लिहिलंय, त्यात बघायचं काय?

## टप्पा ८: मध्येच भाडं थकलं तर

लोक चौथ्या महिन्यात जागे होतात. तोवर डिपॉझिट संपलेलं असतं. माझा क्रम: पाच तारखेपर्यंत भाडं नाही आलं तर मेसेज. दहा तारखेला फोन. पंधराला एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन प्रत्यक्ष भेट, आवाज न चढवता. महिना उलटला की वकिलाची नोटीस. दुसऱ्या महिन्याची वाट बघायची नाही.

मग ठरवायचं. मुदत संपायला दोन-तीन महिनेच असतील तर मी मध्येच परवाना रद्द करण्याच्या वादात पडत नाही. मुदत संपल्याची तारीख कागदावर छापलेली असते, तिच्यावर वाद घालणं अवघड. रद्द करणं योग्य होतं का, यावर मात्र वाद घालता येतो. मुदत वर्षभर लांब असेल तर अर्थात नोटीस द्यावीच लागते.

याच टप्प्यावर तडजोडीचा कागद एकदा पुढे करून बघा: "वीस तारखेला घर रिकामं करा, एक महिन्याचं भाडं सोडतो, उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी." मनाला पटत नाही, पण टप्पा १ मधलं गणित पुन्हा बघा. रिकामं झालेलं घर पुढच्या महिन्यात सोळा हजार आणतं. तडजोड लेखी हवी, तारखेसकट, घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या सह्यांनी.

हे कधीही करू नका: कुलूप बदलणं, लाइट किंवा पाणी तोडणं, सामान बाहेर काढणं, चार पोरं नेऊन दम देणं. अत्यावश्यक सेवा तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न गौण असतो. पोलिस चौकीतही फार अपेक्षा ठेवू नका. "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा," हेच ऐकायला मिळेल, आणि ते चूक नाही.

## टप्पा ९: सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज

मुदत संपली, घर सुटलं नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात अर्ज करा. "बघू, गणपतीनंतर" नको.

फाईलमध्ये या क्रमाने कागद लावा: नोंदणीकृत करार व इंडेक्स टू, तुमच्या मालकीचा पुरावा, म्हणजे खरेदीखत आणि शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची व सोसायटीची पावती, मुदत संपण्याचं पत्र, पोस्टाची पावती, पोचपावती किंवा बंद पाकीट, बँकेचा उतारा, भाडं आलेल्या नोंदी खुणा करून, मुदतीनंतरच्या रकमांबद्दलचे तुमचे मेसेज, तारखेसह प्रिंट काढून.

अर्जात दोन मागण्या स्पष्ट हव्यात: ताबा, आणि मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई. दुसरी मागणी विसरलेले अर्ज असतात. मुदतीआधीच्या थकबाकीसाठी वेगळी वाट लागेल का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

यापुढचं चक्र असं. प्राधिकारी समन्स काढतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची असते. त्याने ती मागितली नाही तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरलं जातं आणि ताब्याचा आदेश होऊ शकतो. परवानगी मागितली तर बचावात दम आहे का हे बघितलं जातं, आणि परवानगी मिळाली तर सुनावणी. आदेशाविरुद्ध अपील नाही, पण पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश वरून तपासून घेण्याचा अर्ज, करता येतो आणि तिथे स्थगिती मागता येते. आदेश अंतिम झाल्यावर ३० दिवसांत घर सोडलं नाही तर प्राधिकारी आवश्यक ते बळ वापरून ताबा घेऊ शकतो.

ही प्रकरणं सगळ्यात जास्त अडकतात ती समन्सवर. पत्ता अपुरा, विंगचं नाव चुकलेलं, दिवसा घर बंद. बजावणी झाली का हे दर आठवड्याला कार्यालयात जाऊन विचारा. वकिलाकडे अशी चाळीस प्रकरणं असतात, तुमच्याकडे एकच आहे.

चिखलीच्या भाडेकरूला समन्स त्याच्या गावच्या पत्त्यावरही गेलं. वडिलांनी ते घेतलं. आठ दिवसांनी त्याचाच फोन: "काका, कोर्टाचं गावाकडे कशाला पाठवलंत? सोडतो मी घर." टप्पा ३ मधली ती पत्त्याची ओळ इथे कामाला आली.

## टप्पा १०: ताबा घेण्याचा दिवस

समजुतीने सोडत असला तरी "किल्ली वॉचमनकडे ठेवलीय" यावर समाधान मानू नका. स्वतः जा, एक साक्षीदार न्या. घर पूर्ण रिकामं हवं. "फक्त कपाट राहू द्या, रविवारी नेतो" याला ठाम नकार, कारण कपाट आत म्हणजे तो आत.

कुणी कुलूप लावून निघूनच गेला असेल आणि आत सामान असेल, तर कुलूप फोडू नका. अर्ज करा आणि प्राधिकाऱ्यामार्फतच पंचनामा करून घर उघडा.

किल्ली देतानाचा व्हिडिओ आता उलट क्रमाने करा: मीटररूमपासून दारापर्यंत. ताबा पावतीवर लिहा: तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग, किती किल्ल्या परत आल्या, घरात काही सामान नाही, कोणताही हक्क उरलेला नाही. प्रकरण चालू असेल तर ही पावती प्राधिकाऱ्यापुढे दाखल करून मगच अर्ज निकाली काढून घ्या. आधी अर्ज मागे घेतला आणि मग घर सुटलंच नाही, असंही होतं.

डिपॉझिटचा हिशेब तिथेच कागदावर मांडा. चिखलीचा असा होता: डिपॉझिट ४८,००० रुपये, त्यातून थकलेले दोन महिने ३२,०००, लाइट बिल १,८४०, ट्रॉलीची दुरुस्ती २,५००. परत दिले ११,६६०, बँकेतून, त्याच्यासमोर. दुप्पट भरपाई मी मागितली नाही. त्यापेक्षा मला किल्ली हवी होती. त्याने मेसेज आल्याचं दाखवलं, हिशेबावर सही केली, आणि बायकोने जिन्यातून हाक मारली म्हणून कुंडी उचलून खाली गेला.

संध्याकाळी कुलपाचं सिलिंडर बदलून घ्या. परत आलेल्या किल्ल्या मोजून पुऱ्या असल्या तरी.